मामाकडून सप्रेम

मालन घाडी यांच्या लग्नात त्यांच्या मामांनी दिलेला पाच डब्यांचा संच चाळीस वर्षं शाबूत होता. लालबागच्या चाळीतून तो नाहूरच्या फ्लॅटमध्ये आला. दरम्यान गिरणी बंद पडली, मुलाचं लग्न झालं, नवरा गेला. डबे मात्र पाचच्या पाच राहिले. एकात एक घातले की नीट बसायचे, हलवले तरी आवाज नाही. या जानेवारीत त्यातला तिसरा डबा बेसनाचे लाडू घेऊन अंदमानला गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून संच उचलला की चौथा डबा दुसऱ्यात खुळखुळतो.

डबा नेला होता सुनेने. नीलम घाडी अंधेरीच्या एका कुरिअर कंपनीत बिलांचं काम पाहते आणि सुट्टी मिळाली की पाण्याखाली जाऊन फोटो काढते. हा नाद तिला आणि तिची ऑफिसातली मैत्रीण माधुरी वाघमारे हिला एकाच दिवशी लागला. मुलुंडच्या एका तरणतलावात डायव्हिंगचा क्लास निघाला होता, तिथे दोघी गंमत म्हणून गेल्या आणि गंमत संपली तरी जात राहिल्या. मुंबईला समुद्र आहे, पण त्यात फोटो काढायचा तर स्वतःचाच हात दिसत नाही. त्यामुळे वर्षभर रजा साठवायची आणि एखादं बेट गाठायचं, असं सुरू झालं.

दोघी किनाऱ्यावरून डाइव्ह करतात. यात बोट नसते. पाठीवर सिलिंडर, हातात कॅमेरा, आणि चालत समुद्रात शिरायचं. पोहायचे रबरी पाय गुडघाभर पाण्यात चढवायचे आणि तिथून पुढे उलटं चालायचं, कारण ते घालून सरळ चालणारा माणूस तोंडावर पडतो. नीलम सरळ चालून पडली होती. उलटं चालूनही पडली होती.

निघायच्या आदल्या दिवशी मालनताईंनी लाडू भरले, डब्याचं झाकण तळहाताने ठोकून बसवलं आणि सुनेच्या हातात दिलं.

"गेल्या खेपेला छत्री राहिली, त्याच्या आधी टॉवेल राहिला. हा तरी आण."

"आणते हो, आई."

"त्याच्यावर मामांचं नाव आहे."

नाव म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली ओळ होती: 'चि. सौ. कां. मालन हिस मामाकडून सप्रेम भेट.' शेजारी एक पोचा होता. तो नीलमचा नवरा सर्वेश याने पाच वर्षांचा असताना गणपतीच्या आरतीला डबा बडवून पाडला होता.

बेटावर दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी पाण्यातून बाहेर आल्या आणि एका खडकावर बसून लाडू खाऊ लागल्या. खाता खाता कॅमेऱ्याच्या पडद्यावर सकाळचे फोटो बघितले. एका फोटोत सिंहमासा इतका स्पष्ट आला होता की त्याच्या कौतुकात दोघी बोलत बोलत मुक्कामावर गेल्या. डबा खडकावर राहिला. संध्याकाळी नीलमला आठवलं तेव्हा भरती आली होती. खडक दिसत नव्हता.

"वाट लागली," नीलम म्हणाली.

"अगं, डबाच आहे ना," माधुरी म्हणाली.

"तू माझ्या सासूला भेटलेली नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच किनाऱ्यावरून त्या पुन्हा पाण्यात उतरल्या. सोबत रतन होता, तिथला डायव्हिंगचा शिक्षक. खडकाच्या उताराखाली, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या खोलीवर, वाळूत काहीतरी चमकलं. डबा आडवा पडला होता. लाडू नव्हते. आत मुठीएवढा एक ऑक्टोपस बसला होता. त्याने डब्याच्या तोंडाशी खडे रचले होते आणि दोन हातांनी झाकण आतून धरून ठेवलं होतं. दार अर्धवट उघडून 'कोण पाहिजे?' विचारतात, तसं.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून पुढचं संभाषण हातांनी झालं. नीलमने डब्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे. रतनने तर्जनी डावी-उजवी हलवली. नीलमने हात जोडले. रतनने पुन्हा तर्जनी हलवली. ऑक्टोपसने झाकण थोडं आणखी ओढून घेतलं.

मग नीलमने तिला करता येण्यासारखं एकच काम केलं. सिलिंडरमधली हवा परवानगी देईल तोवर फोटो काढले.

बाहेर आल्यावर रतनने नियम सांगितला. समुद्रात कचरा दिसला की उचलायचा. पण कचऱ्यात कोणी राहत असेल तर उचलायचा नाही.

"वो कचरा नहीं है, मेरी सास का डब्बा है," नीलम म्हणाली.

"अब उसका घर है, दीदी. सास को बोल दो."

सांगायला हरकत नव्हती, आणि परतीच्या विमानात नीलमने वाक्यं जुळवलीही होती. पण दार उघडताच मालनताईंनी विचारलं, "अगो, डबो खंय?" त्या एरवी इतरांसारखंच बोलतात. मालवणी फक्त देवाशी आणि रागात बोलतात. देव समोर नव्हता.

"माधुरीकडे राहिला, आई," नीलम म्हणाली.

सर्वेशने बॅगा आत घेतल्या आणि रात्री हळूच सांगितलं, "आता दोन-तीन वर्षं बेटंबिटं बंद हां, नीलू. सगळ्या रजा संपवल्यास. घरातही लोक राहतात." यावर भांडता आलं असतं, पण डबा हरवलेली बाई भांडणाला कमजोर असते.

पुढच्या रविवारी मालनताईंनी मुलाचा फोन घेतला आणि माधुरीला लावला. माधुरीला कोणी पढवून ठेवलं नव्हतं. तरी ती हुशार.

"हो काकू, आहे ना आमच्याकडे! उद्याच पाठवते."

मग तिने नीलमला फोन केला. "मी हो म्हटलं यार. आता डबा कुठून आणू?"

"तू हो का म्हणालीस?"

"तू माझ्याकडे का ठेवलास?"

दुसऱ्या दिवशी माधुरीने मालाडच्या आपल्या स्वयंपाकघरातून साधारण त्याच मापाचा एक डबा उचलला, ऑफिसात नीलमला दिला आणि नीलमने तो घरी सासूपुढे ठेवला. दोघींना वाटलं, डबे सगळे सारखेच. मालनताईंनी तो हातात घेतला, वजन पाहिलं, फिरवला आणि वाचलं: 'सौ. द्रौपदी शिवदास वाघमारे, १४-४-९१.'

"हा तिच्या आईचा," त्या म्हणाल्या. "अदलाबदल झाली. होतं असं." त्यांना राग आला नाही. पण दुसऱ्याचा डबा घरात आला की तो परत करायचा, आणि रिकामा करायचा नाही, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं. त्यांनी त्यात ओल्या नारळाच्या वड्या भरल्या. "हा त्यांना दे. म्हणावं, आमचा पाठवा."

नीलमने डबा माधुरीला दिला. निरोप दिला नाही.

मालाडला द्रौपदीताईंना आपलाच डबा वड्यांनी भरून आलेला मिळाला. त्यांना मोठं समाधान वाटलं. माधुरीची मैत्रीण, तिची सासू, ओळख ना पाळख, आणि वड्या पाठवते. आता आपल्याकडून काही गेलं पाहिजे. त्यांनी शेंगदाण्याची चटणी कुटली, त्याच डब्यात भरली आणि मुलीबरोबर अंधेरीला पाठवली. अंधेरीहून ती नाहूरला आली.

मालनताईंनी झाकण उघडलं, चटणी चाखली, डबा फिरवून नाव वाचलं.

"अगं, पुन्हा हाच!"

"चटणी चांगली आहे ना?" नीलम म्हणाली.

"चटणी झकास आहे. माझा डबा कुठाय?"

"त्यांना सापडत नसेल."

"असू दे. पण हा ठेवून घेता येत नाही." आणि त्यांनी खोबऱ्याचं सारण भरून करंज्या तळायला घेतल्या.

फेब्रुवारी आणि मार्च हे असंच चाललं. द्रौपदी शिवदास वाघमारे यांचा डबा नाहूर ते मालाड आणि मालाड ते नाहूर, अंधेरीला पर्स बदलत, भरलेला फिरत राहिला. नाहूरहून घावण गेले, मालाडहून तिळाच्या पोळ्या आल्या. सर्वेशचं वजन वाढलं. मालनताई आणि द्रौपदीताईंना एकमेकींचे फोन नंबर मिळू नयेत याची काळजी नीलम आणि माधुरीने घेतली होती. दोन्ही घरांत 'त्यांच्याकडे मोबाइल नाही' असं सांगून ठेवलं होतं.

याच काळात मुलुंडच्या 'तिसरा डोळा' नावाच्या छायाचित्र क्लबने स्पर्धा जाहीर केली. विषय होता 'बेटांभोवतालचं पाणी'. पहिलं बक्षीस होतं क्लबच्या डिसेंबरमधल्या लक्षद्वीप डायव्हिंग सहलीत एक फुकट जागा. नीलमने हिशेब केला. डिसेंबरपर्यंत पुन्हा रजा साठतील. फुकट जागेला सर्वेश नाही म्हणू शकत नाही. जिंकली नाही, तर दोन-तीन वर्षं मुलुंडचा तरणतलाव आणि तळाच्या टाइल्सचे फोटो.

तिच्याकडे जिंकण्याजोगा एकच फोटो होता. तिने संगणकावर तो मोठा करून पाहिला. ऑक्टोपसचा एक हात डब्यावरून असा आला होता की 'चि. सौ. कां. मालन हिस' एवढा मजकूर त्याखाली झाकला गेला होता. 'मामाकडून सप्रेम' स्पष्ट दिसत होतं. 'भेट' वाळूत गेलं होतं.

"नाव दिसत नाही," माधुरी म्हणाली. "पाठव."

"नियम वाचलास? 'छायाचित्रकाराने दृश्यात कोणतीही वस्तू ठेवलेली नसावी.'"

"तू ठेवलास कुठे? विसरलीस."

"हे परीक्षकांना सांगितलं की आईंना कळणार."

"मग सांगू नकोस," माधुरी म्हणाली. फोटो 'मामाकडून सप्रेम' या नावाने गेला.

निकाल एप्रिलमधल्या एका रविवारी, मुलुंडच्या एका छोट्या सभागृहात होता. फोटो भिंतींवर लागले होते. नीलमने घरी फक्त 'एक कार्यक्रम आहे' असं सांगितलं होतं. पण क्लबच्या कार्यवाहांनी, निहार यांनी, निकालाची कुणकुण फोनवर सर्वेशला दिली होती आणि सर्वेश आईला घेऊन आला. त्याच वेळी माधुरीही आईला घेऊन आली. 'सारखं घरात बसून काय करतेस, चल,' असं ती सहज म्हणाली होती. त्याचा परिणाम तिला सभागृहाच्या दारात दिसला. दोन बायका एकमेकींकडे बघत उभ्या होत्या.

"तुम्ही नाहूरच्या?"

"तुम्ही मालाडच्या?"

आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले. नीलमने माधुरीकडे पाहिलं. माधुरीने छताकडे पाहिलं.

निहार हे नियम मनापासून वाचणारे गृहस्थ होते. त्यांनी आधी स्पर्धेचे सगळे नियम वाचले, मग तिसरं, दुसरं आणि पहिलं बक्षीस जाहीर केलं. पहिलं नीलम घाडी यांना. परीक्षकांचं निवेदन त्यांनी सावकाश वाचलं:

"अंदमानच्या निर्मळ समुद्रात कोण्या मराठी पर्यटकाने बेफिकिरीने टाकलेला डबा, आणि त्यात संसार थाटणारा मुका जीव. कुणा मामाने प्रेमाने दिलेली भेट कुणी तरी किती सहज फेकून देतं! बेजबाबदार पर्यटनावर इतकं बोलकं भाष्य आम्ही पाहिलेलं नाही."

टाळ्या वाजल्या. सगळे वाजवत होते म्हणून नीलमनेही वाजवल्या.

मागच्या रांगेत मालनताई द्रौपदीताईंना म्हणाल्या, "बघा लोक कसे असतात. मामाचा डबा टाकून दिला! भांड्याची कदर राहिली नाही."

"आणि वर नाव कोरलेलं," द्रौपदीताई म्हणाल्या.

"आमच्याही मामांनी दिलेत. जिवापलीकडे जपते." इथे त्यांना आठवलं. "बरं झालं भेटलात. माझा डबा आणलात का?"

"तुमचा?"

"मधला. जानेवारीपासून तुमच्याकडे आहे तो."

"नाही हो ताई. तुमचा कुठला डबा आमच्याकडे आलाच नाही. माझाच येतो आणि जातो. मी म्हणते, या बाईला माझा डबा इतका का आवडला?"

मालनताई उठल्या. पर्समधून चष्मा काढला, लावला आणि भिंतीकडे चालू लागल्या. फोटो दाराएवढा छापला होता. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. 'मामाकडून सप्रेम' वाचलं. मग अक्षरांशेजारच्या पोचावर बोट ठेवलं.

"अगो बाये," त्या म्हणाल्या, आणि सभागृहात असलेल्या-नसलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "ह्यो माझो डबो!"

चहाचे कप थांबले. निहार पुढे आले.

"काकू, काय म्हणालात?"

"डबा माझा आहे. हा पोचा माझ्या मुलाने पाडलाय. सर्वेश, इकडे ये. तुझाच ना?"

सर्वेशने पोचा पाहिला. "माझाच," तो म्हणाला, आणि मग परिस्थिती त्याच्या लक्षात आली. तो बायकोच्या कानाशी आला. "नीलू, म्हण ना, असे डबे खूप असतात. पोचेही पडतात."

निहार यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी खिशातून नियमांचा कागद काढला. "घाडी मॅडम, हा डबा तुमच्या घरचा असेल तर सहावा नियम लागू होतो. छायाचित्रकाराने दृश्यात कोणतीही वस्तू ठेवलेली नसावी. तर डबा तुमचा आहे की नाही?"

सगळे नीलमकडे बघत होते. परीक्षक, स्पर्धक, माधुरी, दोन आया. तिला दोन उत्तरं माहीत होती. एका उत्तरात लक्षद्वीप होतं. त्या उत्तराने सासू चार लोकांत स्वतःचा डबा न ओळखणारी म्हातारी ठरली असती. मालनताईंचं बोट अजून पोचावर होतं.

"माझाच," नीलम म्हणाली. "म्हणजे आईंचा. माधुरीकडे नव्हताच कधी. तिथे खडकावर राहिला, भरती आली, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर आत हा. आई, मी खोटं बोलले."

"म्हणजे तुम्ही तो पाण्यात ठेवलात," निहार म्हणाले.

"ठेवला नाही. राहिला."

"तसं कोणीही म्हणेल, मॅडम. चकचकीत डबा, त्यावर नेमका मजकूर, आत ऑक्टोपस, आणि मजकूर वाचता येईल असा कोन. हे सगळं आपोआप झालं, हे परीक्षकांनी कसं मानायचं? तुम्ही मुद्दाम ठेवला नाहीत, याला साक्षीदार कोण?"

"मुद्दाम?" मालनताई वळल्या. "हिने?"

त्यांनी चष्मा काढला.

"अहो साहेब, हिने आजवर एक वस्तू मुद्दाम कुठे ठेवलेली नाही. हिच्या वस्तू ठेवलेल्या नसतात, राहिलेल्या असतात. छत्री गोव्याला राहिली. टॉवेल कुठे राहिला ते तिलाही माहीत नाही. लग्नातला शालू लाँड्रीत राहिला, तो लाँड्रीवाला दुकान विकून गावी गेला."

"आई," नीलम म्हणाली.

"गप रव. स्कूटरची चावी फ्रिजमध्ये असते. आणि फ्रिजात ठेवायचं दूध स्कूटरच्या डिकीत."

"ते एकदाच झालं!"

"दोनदा," सर्वेश म्हणाला. आईची दिशा त्याला आता कळली होती आणि तो उत्साहाने मदतीला आला. "साहेब, हिचं डायव्हिंगचं सर्टिफिकेट कुठे सापडलं माहितीये? डाळीच्या बरणीत."

"आमच्याकडे हिचा पोहायचा चष्मा आहे," द्रौपदीताईंनी भर घातली. "मागच्या दिवाळीपासून. आणि एक चप्पल."

"एक चप्पल?" परीक्षकांपैकी एकाने विचारलं.

"एकच. दुसरी घालून गेली."

"बघा," मालनताई म्हणाल्या. "आणि डब्याचं सांगते. मी झाकण ठोकून दिलं होतं. तसं लावलं तर हा डबा पाण्यात तरंगतो. चाळीत पाणी भरलं तेव्हा तरंगलेला मी पाहिलाय. हा बुडाला, म्हणजे हिने लाडू खाऊन झाकण नुसतं वर टेकवलं. मुद्दाम ठेवायचं तर माणूस झाकण काढून ठेवील किंवा लावून ठेवील. नुसतं टेकवून कोण ठेवतं? ही!"

"झाकण टेकवलंच होतं," माधुरी हळूच म्हणाली. "मी होते तिथे."

निहार यांनी कागद पुन्हा वाचला. दोन्ही परीक्षकांना कोपऱ्यात नेलं. तिथे बरीच कुजबुज झाली. एका परीक्षकाने मान वळवून नीलमच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही चपला होत्या, पण एक निळी आणि एक काळी. नीलमनेही तेव्हाच पाहिलं.

निहार परत माइकजवळ आले.

"परीक्षकांच्या मते 'ठेवणे' या क्रियेत हेतू अभिप्रेत आहे. सादर पुराव्यांवरून असा हेतू सदर छायाचित्रकाराच्या ठायी संभवत नाही. बक्षीस कायम. मात्र निवेदनात दुरुस्ती आहे." त्यांनी पेनाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि गंभीरपणे वाचलं: "'कोण्या मराठी पर्यटकाने बेफिकिरीने टाकलेला डबा' याऐवजी 'स्वतः छायाचित्रकाराने बेफिकिरीने विसरलेला डबा' असे वाचावे."

या वेळी टाळ्या जास्त जोरात वाजल्या. लक्षद्वीपचं पाकीट नीलमच्या हातात आलं. ती ते खुर्चीवर ठेवून चहा घ्यायला गेली. मालनताईंनी पाकीट उचलून आपल्या पर्समध्ये टाकलं.

तिघं परतीच्या रिक्षात बसली. मग मालनताईंनी विचारलं, "लाडू खाल्ले का त्याने?"

"माशांनी खाल्ले असतील. तो खेकडे खातो."

"हं. आणि मालाडला मी तीन महिने फराळ पाठवला, तो कशापायी?"

"सॉरी, आई."

"सॉरी कसलं? बाई चांगली आहे. बुधवारी येणार आहे माझ्याकडे. नंबर घेतलाय मी. मोबाइल आहे तिला." त्या बाहेर बघू लागल्या. "ओढून नाही का काढता आलं?"

"घर आहे ना त्याचं. नियम आहे तसा."

मालनताईंनी यावर विचार केला. चाळीत असताना त्यांच्या सासऱ्यांनी एक खोली ओळखीच्या माणसाला चार दिवसांसाठी दिली होती. चार दिवसांची बारा वर्षं झाली होती. "एकदा आत गेला की निघत नाही," त्या म्हणाल्या. "तू काय करणार!"

त्यानंतर त्या दर महिन्याला नीलमला रतनला फोन लावायला सांगायच्या. "गेला का तो?" रतन सांगायचा, अजून आहे. "जागा चांगली असली की कोण सोडतं," मालनताई म्हणायच्या, आणि त्यांच्या आवाजात तक्रार कमी आणि डब्याचा अभिमान जास्त असायचा. ऑक्टोबरमध्ये रतनने कळवलं की ऑक्टोपस आता दिसत नाही, पण डब्यात एका छोट्या माशाने अंडी घातली आहेत.

"मेल्यान पोटभाडेकरू ठेवलो," मालनताई म्हणाल्या आणि फोन परत दिला.

डिसेंबरमध्ये लक्षद्वीपला निघायच्या आदल्या दिवशी नीलमने लाडू प्लास्टिकच्या डब्यात भरायला घेतले. आइस्क्रीमचा रिकामा डबा होता, हरवला तरी चाललं असतं. मालनताईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"हा समुद्रात गेला तर चालेल? शोभेल?"

त्यांनी संच खाली काढला आणि चौथा डबा बाहेर घेतला. "नाहीतरी खुळखुळतो," त्या म्हणाल्या. लाडू भरले, झाकण तळहाताने ठोकून बसवलं आणि डबा सुनेच्या हातात दिला. नीलमने तो फिरवून पाहिला. मामांची ओळ होती तशीच होती. तिच्याखाली नवी, चकचकीत ठिपक्यांची अक्षरं होती. मुलुंडच्या भांडीवाल्याकडून आठवड्यापूर्वीच घालून आणलेली. पहिल्या ओळीत 'सध्या सून नीलम हिजकडे'. दुसरीत सर्वेशचा मोबाइल नंबर. आणि खाली जागा उरली होती म्हणून तिसरी: 'आत कोणी राहत असल्यास कळवावे.'